मंदामॅडमच्या पेशी

काढलेला दात कोणी नळाखाली धरला की मंदामॅडम अंगावर धावून जायच्या. "अगो, भांडं हाय का ते घासायला? मुळावरच्या पेशी जित्या हायत!" मग दात थंड द्रावणाच्या बाटलीत टाकून त्या प्रयोगशाळेकडे पळत सुटायच्या. मी रोह्याहून पेणच्या डेंटल कॉलेजात त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला हा प्रसाद मिळाला.

दाताच्या मुळावर हाडासारखा एक पातळ थर असतो. त्याच्या जोरावर दात जबड्यात टिकून राहतो. तो थर बांधणाऱ्या पेशी वाढवायच्या आणि त्या कोणती प्रथिनं बनवतात ते पाहायचं, हाच मॅडमचा ध्यास. "दिसायला सगळ्या सारख्याच गो," त्या म्हणायच्या. "कुठलं प्रोटीन बनवते ते बघ, मग कळेल ती कोण हाय." हलणारे दात कधीतरी पुन्हा घट्ट बसवता येतील, अशी त्यांना आशा होती.

कितीतरी दात वाया गेले. मग मिठागरात काम करणारी यमुना आली. तरणी पोर, अक्कलदाढ आडवी अडकलेली. "माझ्या आयशीचे सगळे दात हलून पडले," ती म्हणाली. "काय उपेग व्हत असंल तर न्या दाढ." तिच्या पेशी मात्र जोमाने वाढल्या. गणपतीच्या तोंडावर, खास रंग लावल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्या चमकल्या, म्हणजे हवं ते प्रोटीन बनत होतं! मॅडमनी झाडूवाल्या मावशींनाही ओढून आणून दाखवलं.

मग सुट्टी लागली. गावी निघताना घराचा मेन स्विच बंद करायची आपली कोकणातली सवय. प्राचार्यांनी तीच कॉलेजात चालवली. पेशी उबेत ठेवणाऱ्या मशीनच्या बटणावर मॅडमनी 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली होती. बटणाला कोणी हात लावलाच नाही! गोठवून ठेवलेल्या पेशींचा फ्रीझरही त्याच मेनवर. मॅडम पेशींना खाणं घालायला आल्या, तर फाटकाला कुलूप. फोनवर प्राचार्य म्हणाले, "सण आहे मॅडम. पेशी काय पळून जातायत?"

कुलूप उघडलं तेव्हा पेशींच्या बशांवर बुरशी चढली होती. "पुन्हा वाढवा की! दात काय, रोज निघतात," प्राचार्य म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मॅडम तर त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "घरी देवापुढचा दिवा जपलात, सर, आणि इथे जितं होतं ते मारलंत!"

थोड्याच दिवसांनी यमुना विचारायला आली. मॅडमनी काहीही लपवलं नाही. "मेल्या गो तुझ्या पेशी. आमच्या हलगर्जीपणानं मेल्या."

यमुना खुर्चीत बसली. मग तिने तोंड उघडलं. "दुसरीकडची हाय ना? ती काढा."

मॅडमनी आरसा घालून पाहिलं. दाढ सरळ होती, निरोगी होती. दारातून प्राचार्य म्हणाले, "स्वतःहून देतेय तर घ्या ना!"

"चांगला दात मी काढणार नाय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हातमोजे उतरवले.

त्या वर्षी कॉलेजने त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. कारण काय, तर म्हणे संशोधनात प्रगती नाही!