दांडीच्या उपड्या टोपल्या

नंदुरबारहून सुरत आणि सुरतेहून बोईसर, असा सरळ प्रवास होता. माझी भाची सुशीला हिने पत्रात स्टेशनांची नावंसुद्धा ओळीने लिहून पाठवली होती, आणि शेवटी, 'मावशी, डहाणू गेलं की सामान दाराशी आण.' डहाणू गेलं तेव्हा मी जागीच होते. पण शेजारच्या बाईच्या सुनेचं बाळंतपण अडलेलं होतं, म्हणजे गोष्टीत अडलेलं होतं, ते टाकून कसं उठायचं? मुलगा झाला, बारसं झालं, आणि मी बाहेर पाहिलं तर पाटीवर 'पालघर' लिहिलेलं. बोईसर मागे राहिलं.

उतरले. एसटीला अवकाश होता, म्हणून बाजारात गेले. तालुक्याचं गाव, कचेरीसमोर माणसं उकिडवी बसलेली, गवताच्या भाऱ्यांनी लादलेल्या बैलगाड्या. एक वारलीण उकडलेले करांदे (वेलाला लागणारे बटाट्यासारखे कंद) घेऊन बसली होती. मी विचारलं, "कसे लागतात?"

"करांदं कवा खाल्लं नाय?"

"आमच्याकडे होत नाहीत."

"मग तुमी थंडीत काय खातां?"

मी वांग्याच्या भरताचं सांगितलं, वांगं भाजण्यापासून. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. करांदे थोडे कडवट, पण मीठ लावून चांगले लागतात. मी पुन्हा मागून घेतले.

बोईसरला उतरले तर सगळीकडे धूळ. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, त्यामुळे खडीचे ट्रक, हिंदी बोलणारे मजूर, भाड्याच्या खोल्यांबाहेर वाळत घातलेली नगर-साताऱ्याकडची लुगडी. सुशीलाचा नवरा त्या बांधकामावरच नोकरीला, आणि ती स्वतः दांडी गावात दुपारी बायकांचा लिहावाचायचा वर्ग घेई. दुपारी अशासाठी, की त्या दिवसांत होड्या दुपारनंतरच्या भरतीबरोबर परतत. त्याआधी बायकांना घटकाभर सवड असे.

दांडी मला आधी नाकाने कळलं. मग दिसलं. वाळूच्या पट्ट्यावर बांबूंच्या आडव्या मांडण्या, त्यांवर हजारो बोंबील वाऱ्याला लावलेले, आणि पलीकडे समुद्र. मी शाकाहारी बाई. पदर नाकाला लावला, नंतर सोडून दिला, कारण पदरालाही तोच वास लागला होता.

त्या दिवशी फळ्यावर सुशीलाने धडा लिहिला होता. कुठल्याशा दूरच्या शहरात बायका रस्त्यावर उतरल्या, पुरुषांइतकाच हक्क मागू लागल्या, एवढीच गोष्ट, आणि खाली तीन प्रश्न. स्त्रिया कोठे जमल्या? त्यांनी काय मागितले? त्यांना ते मिळाले का? उत्तर धड्यातूनच द्यायचं, हा सुशीलाचा नियम. मी स्वतः चाळिशीनंतर मुलाच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकलेली, त्यामुळे बायकांच्या जिभेला अक्षर कुठे अडतंय ते मला लांबूनही कळत होतं.

लाडकूबाई म्हणून एक पन्नाशीची बाई होती. तिने बोट ठेवून धडा सगळा वाचला. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं दिली, आणि तिसऱ्याला थांबली.

"बाय, हे यात लिवलेलं नाय."

सुशीलाने पाहिलं. खरंच, लिहायचं राहिलं होतं.

"मिळालं का नाय ते सांगायचं नाय, तर मंग धडा कशाला?" लाडकूबाई म्हणाली. मागून एक म्हातारी बोलली, "अगं, मिळालं असतं तर पयलं तेच लिवलं असतं." सगळ्या हसल्या.

हसल्या, पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. ती जी बोंबील वाळवायची वाळू, ती जागा एका कंत्राटदाराने एका पावसापुरती, म्हणजे वर्षभरासाठी, खडी टाकायला मागितली होती. सुकी मासळी विकूनच या बायका पावसाळा काढत. होडीतून टोपली उतरली की मासळी बाईची, वाळवायची तिने, विकायची तिने, हा तिथला रिवाज. पण जागा द्यायची की नाही हे ठरवणार जमात (गावातल्या पुरुषांची पंचायत), आणि तिथे बाईने बसायचं नाही. जमातीचे पाटील होते पांडूबाबा, म्हणजे लाडकूबाईचे यजमान.

दुसऱ्या दिवशी लाडकूबाई आणखी दोघींना घेऊन देवळाच्या ओट्याशी गेली, तिथे चटई टाकून जमात बसली होती. मी आणि सुशीला मागे उभ्या. पांडूबाबा चटईवरून म्हणाले, "घरी जा. एका पावसाची गोष्ट हाय. ठरलं की सांगीन."

"तुमी सांगाल. आमाला बोलायचं हाय."

"घरी बोल की. घरी गप असतेस का कवा?"

चटईवरचे हसले. लाडकूबाई परतली.

त्याच दुपारी होड्या आल्या. पुरुषांनी हाका मारल्या. बायका सगळ्या वाळवणाच्या वाळूवर बसलेल्या, टोपल्या उपड्या घालून त्यांवर. एकही पाण्याकडे गेली नाही. घोषणा नाहीत, काही नाही. कुणी दात कोरतंय, कुणी लेकराच्या डोक्यातल्या उवा काढतंय. मला जागा दिली, मीही बसले. टोपली फार टोचते.

शेवटी पुरुषांनी मासळी स्वतः वाहून आणली आणि बांबूंपाशी ओतली. आता वाळत घालायची. बोंबलाची रीत अशी, की दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. दात सुईसारखे, बोटं सोलून निघतात. पुरुषांनी जन्मभर हे पाहिलेलं, पण हात कधी लावलेला नाही. जबडे काही अडकेनात. तेव्हा एकाने शक्कल काढली, की शेपटीला सुतळी बांधा, पक्कं राहील. बांधले. बोंबील म्हणजे अर्धं पाणीच, सकाळपर्यंत शेपट्या बांबूवर आणि मासे वाळूत. कावळ्यांनी दुरून नातेवाईक बोलावले असावेत, इतके जमले.

बायकांना आनंद झाला म्हणावं, तर तसंही नव्हतं. एकीने हळूच म्हटलं, "आपलीच मासळी गेली ना." लाडकूबाईने नजर वळवली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पांडूबाबा आले. दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"चल, टोपली घे."

"जमातीत बसवतां?"

"तुला बसवली तर उद्या सगळ्या येतील."

"उद्या कशाला, आजच येतील."

त्यांनी बोटावरची सुटलेली चिंधी पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "ये. पन चटईवर नाय."

बायका गेल्या आणि चटईच्या कडेला आपापल्या टोपल्या उपड्या घालून बसल्या. पांडूबाबांनी टोपीच्या घडीतून कंत्राटदाराचा कागद काढला. त्याचा माणूस येऊन वाचून गेला होता, आता अंगठे तेवढे राहिले होते. लाडकूबाईने हात पुढे केला.

"तुला वाचता येतंय?" कुणीतरी विचारलं.

"बाय बोलते, उत्तर कागदातच असतं. बघू दे."

तिने बोट ठेवलं. अक्षर, मग अक्षर, मग शब्द. एका ओळीला इतका वेळ, की एकाने विडी पेटवून संपवली. सुशीला पुढे सरकली, तिला मीच पदराला धरून थांबवलं. तिसऱ्या ओळीवर लाडकूबाईचं बोट थांबलं. तिने तो शब्द दोनदा वाचला, मग कागद नवऱ्यासमोर धरला.

"एक पाऊस कुठं लिवलाय? इथं लिवलंय, कायमची. जागा कायमची द्यायची."

सुशीलाने पाहून होकाराची मान डोलावली. पांडूबाबांनी कागद घेतला, उलटा-सुलटा बघितला, आणि पुन्हा टोपीत ठेवला. "खडी तिकडं खडकावर टाकूं दे," ते म्हणाले. "त्याला मी सांगून येतो." मग बायकांकडे न बघता, "भरती लागलीय."

बायका उठल्या, टोपल्या सरळ केल्या आणि पाण्याकडे गेल्या.

निघायच्या दिवशी वर्गात फळ्यावर तोच धडा होता. लाडकूबाईने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून मला दाखवलं. 'जागा राहिली. बसाया मिळालं. चटई अजून नाय.' सुशीलाने त्यात एकही चूक काढली नाही.

मी शाकाहारी आहे हे सांगूनही लाडकूबाईने सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिलीच. गाडीत माझ्या बाकावर कुणी बसेना. नंदुरबारपर्यंत मी पाय पसरून आले. उतरल्यावर पुडी स्टेशनाबाहेर बसलेल्या एका भिल्लिणीला दिली, ती फार खूश झाली.

घरी पोचले त्याच आठवड्यात दीर-भासरे (धाकटे-थोरले दीर) विहिरीच्या वाटणीचं ठरवायला ओसरीवर बसले. अशा वेळी मी दाराआड उभी राहून चहा पुढे करते, तीस वर्षं करते आहे. त्या विहिरीचं पाणी मी शेंदते, पण तिच्याविषयी मला कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही दांडीला जाईपर्यंत हे मनात आणलं नव्हतं. चहा झाला. कप ठेवले. मग आत जाऊन एक चटई आणली, त्यांच्या शेजारी अंथरली आणि बसले. ती आमच्या घरात होतीच.