सलीमचं हळू बोलणं आणि माझं पिवळं कार्ड

मंडळी, आज शेलारच्या मैदानात रेफ्री म्हणून मीच फाउल केला!

नारपोलीच्या टीमला कॉर्नर दिला, तर त्यांचाच सलीम हातवारे करत, ओरडत माझ्याकडे धावला. रेफ्रीशी हुज्जत म्हणजे पिवळं कार्ड. ऐकून न घेताच मी काढलं. त्याचं ते दुसरं, म्हणजे थेट बाहेर!

त्यांचा कॅप्टन धावत आला. "मॅडम, तो दिवसभर कापडाच्या लूमच्या खडखडाटात असतो. त्याचं हळू बोलणं असंच हाय! ऐका तरी."

सलीम सांगत होता, "मॅडम, बॉल मेरे को लगके गया. कॉर्नर नहीं है!"

खेळ पुन्हा सुरू झाला नव्हता, म्हणून नियमानेच कार्ड मागे घेतलं आणि समोरच्या टीमला गोलकिक दिली.

"थँक्यू मॅडम," सलीम पुटपुटला. पलीकडच्या टोकाचा गोलकीपर दचकला.

तुमच्याकडे असं हळू बोलणारं कोण आहे?