एका दिवसापुरती केबिन

बाटलीचं झाकण उघडायचं, ओठ ओले करायचे आणि झाकण पुन्हा घट्ट लावायचं. एवढंच तिचं पाणी पिणं. "अगं, घोटभर तरी पी," असं मी म्हटलं की ती म्हणायची, "भागली तहान, काकू." कुवेतच्या उन्हात डोक्यावर हेल्मेट घालून दिवसभर उभी राहणारी मुलगी असं म्हणते, तेव्हा ती खोटं बोलते आहे हे तुम्हीही ओळखलं असतं.

मुलांनो, ती आमच्या साइटवरची सर्व्हेयर. श्रीवर्धनकडची, डिप्लोमा झालेली. तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघून भिंत कुठे उठणार, खांब किती उंच जाणार, हे ती आखून द्यायची. एक डोळा मिटून बघायची तिला इतकी सवय की माझ्या डब्यातल्या पोळीकडेही ती तशीच बघायची.

"काकू, पोळी गोल नाही."

"मग नको खाऊस."

तोवर पोळी तिच्या हातात गेलेली असायची.

सुलैबियात गोदामांचं बांधकाम चाललं होतं आणि मी गेटजवळच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघत होते. काम देणारी कंपनी परदेशी. तिच्या करारात एक कलम होतं: कंत्राटदाराने माणसं घेताना, पगार देताना, बढती देताना बाई-पुरुष, देश, धर्म असा भेद करायचा नाही, आणि बायकांसाठी कामावर वेगळी सोय ठेवायची. कलम चांगलंच होतं. आमच्या लोकांनी ते मोठ्या अक्षरांत छापून, काचेत बसवून गेटवर टांगलं आणि दाखवायला म्हणून या एका मुलीला नोकरी दिली. सोय मात्र केली नाही.

मागे पुरुषांच्या टॉयलेटच्या केबिनची रांग होती. ऑफिसात एकच टॉयलेट, मॅनेजरच्या खोलीला लागून. माझे पांढरे केस बघून मला तिथे परवानगी होती. तिला नव्हती. "साइटचे बूट आत नकोत," असं मॅनेजरचं म्हणणं. हा मॅनेजर आपल्या पुण्याचाच, बोलायला अगदी गोड. मी त्याच्याशी भांडले, तर म्हणाला, "काकू, बाई एकच. एकीसाठी केबिन कुठे आणू? होईल तिला सवय." पुढे दुसऱ्या एका मुलीचा अर्ज आला, तेव्हा त्यानेच नकार कळवायला सांगितला. कारण काय, तर साइटवर बायकांसाठी सोय नाही! हे सांगताना तो वाटीतलं श्रीखंड बोटाने चाटत होता. मला अजून श्रीखंड घशाखाली उतरत नाही.

तिला लघवीचा त्रास सुरू झाला, मग ताप. डॉक्टरांनी बजावलं, भरपूर पाणी पी, नाहीतर मूत्रपिंडावर बेतेल. मी म्हटलं, "सोड ही नोकरी."

"का सोडू? काम येतं मला," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण लावलं.

मग परदेशी कंपनीची तपासणी ठरली. त्या सकाळी ट्रकवरून एक चकचकीत निळी केबिन उतरली. दारावर फ्रॉकवाल्या बाईचं चित्र, आत सुगंधी साबण, वर प्लॅस्टिकची फुलं. तिला कोरं पांढरं हेल्मेट देऊन केबिनशेजारी उभं केलं. तपासणीला आलेल्या बाईंनी तिला विचारलं, "इथे सगळं ठीक आहे ना?" मॅनेजर तिच्या खांद्याला खेटून उभा होता. तिचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, कंपनीच्या हातात. ती "हो" म्हणाली. फोटो निघाले, बिस्किटं झाली, पाहुणे गेले.

त्यांची गाडी दिसेनाशी होते न होते तोच ट्रक परत आला. दुसऱ्या दिवशी वफ्राच्या साइटवर तपासणी होती आणि तिथेही हीच केबिन दाखवायची होती.

ट्रकवाल्या पठाणाने क्रेनचा हुक खाली सोडला. तेवढ्यात ती शांतपणे चालत गेली, केबिनमध्ये शिरली आणि आतून कडी लावली.

मॅनेजर दार ठोकू लागला. "ए, बाहेर ये!"

"वापरतेय, सर."

"किती वेळ?"

"वर्षभराचं तुंबलंय, सर. वेळ लागेल."

भोवती जमलेली माणसं खो खो हसली. मॅनेजर लाल झाला आणि पठाणावर ओरडला, "देखते क्या हो? उठाओ!"

पठाणाने इंजिन बंद केलं. "अंदर औरत है, साहब. मैं नहीं उठाएगा. आप उठाओ."

मी ऑफिसातून खुर्ची आणून दारासमोर बसले. वरच्या झरोक्यातून हात बाहेर आला. "काकू, पाणी द्या." मी बाटली दिली. आतून घटघट आवाज आला आणि रिकामी बाटली बाहेर आली. "अजून एक."

सूर्य उतरल्यावर ट्रक रिकामा गेला. केबिन राहिली. त्यानंतर ती चारचौघांसारखं पाणी पिऊ लागली आणि तिच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली.

पण अकाम्याची मुदत संपली तेव्हा कंपनीने तो वाढवून दिला नाही. "गरज संपली," मॅनेजर म्हणाला, आणि आठवड्यात तिच्या जागी एक पुरुष सर्व्हेयर आला. केबिनला कुलूप लागलं. आता आत रंगाचे डबे असतात. गेटजवळच्या आमच्या ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर मात्र फोटोत पांढऱ्या हेल्मेटमधली ती अजून हसते आहे आणि खाली सोनेरी अक्षरांत 'समान संधी' असं लिहिलं आहे. माझं वय झालंच होतं. मीही नोकरी सोडली. ती भिंत रोज बघणं मला जमलं नसतं.

तिला सोडायला विमानतळावर गेले होते. तिने सगळ्यांत मोठी पाण्याची बाटली विकत घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या प्यायला लागली.

"अगं, बेताने. आता विमानात बसायचंय," मी म्हटलं.

तिने एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. "विमानात बाई-पुरुषांना एकच टॉयलेट असतं, काकू. कुणाचं काही अडत नाही."

मग उरलेलं पाणी संपवलं, बाहीने तोंड पुसलं, रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि ती आत गेली.