पाठ लागली

विट्याकडचा आकाराम आणि जतचा दऱ्याप्पा एकाच पलटणीतले. लढाईवर असताना दोघांमधली बॉक्सिंगची फायनल रंगात आली आणि बाँब पडले, निकाल राहिला, आणि गावी परतल्यावर दोघंही चॅम्पियन म्हणून मिरवू लागले. सेहेचाळीसच्या जत्रेत निकाल लावायला लोकांनी दोघांना कुस्तीच्या फडातच बॉक्सिंगला उतरवलं.

आकारामनं दऱ्याप्पाचं नाक फोडलं, बरगड्या मोडल्या, शेवटी जबड्यावर असा ठोसा हाणला की दऱ्याप्पा मातीत पालथा पडला तो उठलाच नाही.

"जितलो!" आकाराम गरजला.

कुस्त्यांतच हयात गेलेला पंच म्हणाला, "पाठ कुठं लागलीया, गड्या? पालथा पडलेला हरत न्हाई."

आकारामचं टाळकं फिरलं. त्यानं दऱ्याप्पाला लाथेनं उताणा केला. "आता लागली न्हवं?"

शिट्ट्या घुमल्या, फेटे उडाले. आकारामनं खाली पाहिलं. दऱ्याप्पाच्या उघड्या डोळ्यांत माती भरली होती, आणि पापणी हलत नव्हती.