टाकीच्या आवाराचं कुलूप

शिलाईताईंबद्दल कुलूपवाल्या काकांना खरं म्हणजे फारच थोडं ठाऊक होतं. नऊ वर्षं ताई त्यांच्याच इमारतीत राहिल्या, पण त्यांचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, लांब दिलेली मुलगी भेटायला का येत नाही, यातलं काही त्यांनी कधी विचारलं नाही. काका मुळातच बुजरे. जिन्यात समोरून कोणी आलं की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, जणू जिना दुसऱ्या कुणाच्या मालकीचा. त्यामुळे ताईंची गोष्ट त्यांना एका कुलपापुरतीच माहीत होती.

ताई चौथ्या मजल्यावर पत्र्याखाली बसून शाळेचे गणवेश शिवायच्या. खालून गोदामांकडे जाणारे ट्रक दिवसरात्र धडधडत. खिडकी उघडली की धूर, लावली की भट्टी. फुटपाथ होता म्हणे एके काळी. आता तो टायरवाला आणि गॅरेजवाला यांनी भावाभावांसारखा वाटून घेतला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात वेफर्स, बिस्किटं आणि लाल-पिवळी सरबतं. ताजी भाजी हवी तर बसने जा.

एकदा गणवेशांचं बोचकं घेऊन चढताना ताई तिसऱ्या मजल्यावर मटकन खाली बसल्या. छातीत कोणीतरी नाडी ओढून गाठ मारावी तसं झालं होतं. शेजारणींनी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी बजावलं, मीठ कमी करा आणि रोज चाळीस मिनिटं भरभर चाला. चाललात तर बरी वर्षं काढाल, नाही तर पुढच्या वेळी जिना चढून याल असं नाही. ताईंनी विचारलं, चालू कुठे? डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. नर्सबाई मात्र फटकळ होत्या.

"तुमच्या गल्लीचा पेशंट आम्ही पत्त्यावरनंच ओळखतो. या महिन्यात तुम्ही पाचव्या."

हे ताईंना फार लागलं. घरी येऊन त्या शेजारणींना म्हणाल्या की गोळ्या माझ्यासाठी दिल्या, पत्त्यासाठी काय दिलं?

दोन दिवस त्या रस्त्याने चालल्या. तिसऱ्या दिवशी ट्रकचा आरसा खांद्याला घासून गेला. मग गॅलरीत येरझाऱ्या सुरू केल्या, तर दोरीवरचे कपडे तोंडावर आणि पोरांच्या सायकली पायात. "ताई, पगारी पहारा आहे की फुकट?" असं एकीने विचारलंसुद्धा. त्याच गॅलरीतून त्यांना समोरचं पाण्याच्या टाकीचं आवार दिसलं. दाट झाडं, टाकीभोवती गोल फरसबंद वाट आणि फाटकाला हे भलंमोठं गंजकं कुलूप. शेजारी पाटी, प्रवेश बंद.

ताई थेट काकांच्या दारात.

"काका, ते कुलूप तुम्हाला किती वेळाचं काम?"

काकांनी मान खाली घातली. वेळ पाच मिनिटांचा, म्हणाले, पण मालकाच्या शब्दाशिवाय परक्या कुलपाला हात लावायचा नाही, ही आयुष्यभराची सवय. आता ताई रागावतील म्हणून ते वाट बघत होते. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. मापाशिवाय मीही कात्री लावत नाही. मालकाचा शब्द आणते."

आणि मग ताईंनी वॉर्ड ऑफिसचा पिच्छा पुरवला. साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला, साहेब रजेवर. ताई हातशिलाईचं काम घेऊन बाकावर बसायच्या. तिथल्या शिपायाची तुटलेली बटणंही लावून दिली. कारणं रोज नवी मिळत. पाणी दूषित होईल. झाडाची फांदी पडेल. मागच्या साहेबांनी बंद केलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असणार. अकराव्या खेपेला शिपायालाच राहवलं नाही. त्याने हळूच सांगितलं, "ताई, बंद कुणी केलेलं नाही. किल्ली हरवलीय. हरवली असं लिहून द्यायला कोणी तयार नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी पाटी लावून टाकली."

ताईंनी साहेबांसमोर किल्लीचा शब्दही काढला नाही. एवढंच म्हणाल्या की जुनं कुलूप गंजलंय, टाकीपाशी काही झालं तर तुमची माणसं आत शिरणार कशी? इमारतीतले एक कारागीर फुकट बदलून देतील. सकाळ-संध्याकाळ फाटक उघडायची जबाबदारी आमची. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सही केली.

काकांनी तो कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा शिक्का पाहिला. कुलूप खरंच पाच मिनिटांत उघडलं. ताई फाटक ढकलून आत शिरल्या आणि पिशवीतून टेप काढला. डॉक्टरांनी मिनिटं सांगितली होती, पण ताईंचं गणित इंचांचं. गुडघ्यावर बसून त्यांनी सगळी वाट टेपने मोजली. काका दुसरं टोक धरून मागे मागे. टाकीला कंबरपट्टा शिवायचाय का, असं त्यांनी पुटपुटत विचारलं. ताई हसल्या. काकांनी उभ्या आयुष्यात केलेल्या विनोदांपैकी हा बहुधा दुसरा.

पहिला आठवडा ताई एकट्याच चालल्या. मग गॅलरीत टोमणा मारणारी आली, मग टायरवाल्याची आई काठी टेकत आली. पावसात शेवाळ धरलं तर ताईंनी वाट घासून काढली. साहेब बदलले तर नव्या साहेबांपुढे जुना कागद धरला. ट्रक काही थांबले नाहीत, पत्राही तापायचा थांबला नाही. ताईंच्या गोळ्या सुटल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत. काका आधी पायरीवर नुसतेच बसायचे. पुढे तेही फिरू लागले, ताईंच्या चार पावलं मागून.

अशी पाच वर्षं गेली. एका सकाळी फाटक उघडायला ताई आल्याच नाहीत. झोपेतच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय फार आधीच थकलेलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, म्हणूनच सांगते, पाच वर्षं त्यांनी ओढून घेतली. त्या दिवशी फाटक काकांनी उघडलं. तेव्हापासून तेच उघडतात.

आदल्या संध्याकाळी काका दमून लवकर निघाले होते. ताई वळणावर होत्या. तिथूनच त्यांनी हाक मारली.

"काका, फाटक नुसतं लोटून घ्या. माझे दोन फेरे राहिलेत."

"बरं," काका म्हणाले.