निर्णय शिकवणारे मास्तर

माझ्या इंग्रजीच्या मास्तरांइतका घाबरट माणूस अख्ख्या कोल्हापुरात नव्हता, आणि निर्णय कसा बोलून दाखवावा हे त्यांच्याइतकं ठणकावून शिकवणाराही दुसरा नव्हता.

महाराज गादीवर येऊन थोडीच वर्षं झाली होती. दरबारच्या कचेरीत चिकटायचं तर इंग्रजी हवं, म्हणून आम्ही पाच-सहा बाप्ये रोज सकाळी एका अत्तरवाल्याच्या माडीवर मास्तरांपुढं मांडी घालून बसत असू. मास्तर तिथंच राहत. पडद्याआड त्यांची आई, घरात मायलेक दोघंच. 'आय थिंक आय विल गो' म्हणणारा अजून उंबऱ्यातच उभा आहे, असं ते समजावत. 'आय हॅव डिसायडेड' म्हणणाऱ्यानं पायताण चढवलं, आणि 'आय हॅव मेड अप माय माइंड' म्हटलं की त्याला सासराही मागं फिरवू शकत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज असा चढे की खाली अत्तर हुंगणारं गिऱ्हाईक दचके. स्वतः मास्तर मात्र कायम उंबऱ्यात. एकदा पागोटं घ्यायला मला सोबत नेलं, तर तांबडं की पांढरं या घोळात दुकानदार घरी जाऊन जेवून आला, आणि आम्ही जुन्या पागोट्यानिशी परतलो. रंकाळ्यावर फिरायला निघाले की पहिल्याच तिठ्यावर थांबून विचारत, "इकडनं बरं का तिकडनं?" कुत्र्याला भीत, विजेला भीत, पण आपण ठरवलं आणि ते चुकलं तर, याची धास्ती सगळ्यांत मोठी.

मग प्लेग आला. घराघरात उंदीर मरून पडू लागले. गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला जा, अशी दवंडी फिरली. गल्लीतल्या दारांना एकेक करून कुलपं लागत होती, चालताना आपल्याच वहाणांचा आवाज मोठा वाटे. मास्तर रोज म्हणत, "उद्या बघू." त्यांची आई अर्धांगानं खाटेला खिळलेली, आणि तिचं एकच म्हणणं, "मी न्हाय जायची माळावर. मला हितंच मरू दे."

एका सकाळी आम्ही तिघंच वर्गाला उरलो होतो. मास्तर फळ्यावर वाक्य लिहीत असताना आढ्यावरून उंदीर पडला, तो थेट माझ्या पाटीशेजारी. थोडा तडफडला आणि थांबला. कुणी हललं नाही. मास्तरांनी खडू ठेवला आणि पडदा सारून ते आत गेले.

"आई, चल."

"न्हाय म्हटलं की."

"तुला इचारत न्हाय मी. चल."

आईला पाठुंगळी घेऊन ते जिना उतरले. घामानं सदरा भिजला होता, पण थांबले नाहीत. ती पाठीवरून रडत होती. आम्ही खाट उचलली आणि मागोमाग कळंब्याकडच्या माळाच्या वाटेला लागलो.

त्याच आठवड्यात अत्तरवाल्याच्या घरची दोन माणसं प्लेगनं गेली. मास्तरांना काही झालं नाही. आई मात्र माळावरच्या गार वाऱ्यात खोकला धरून पंधरवड्यात गेली. शेवटपर्यंत ती घराच्या जिन्याची वाट विचारत होती.

साथ ओसरल्यावर मी भेटायला गेलो. मास्तर हळूच म्हणाले, "तिला घरात मरायचं होतं. मी बरोबर केलं न्हवं?"

"व्हय, मास्तर," मी म्हणालो.

मी हे फार लगेच म्हणालो होतो. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलोय, आणि तेव्हा थोडं थांबून बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.