स्वच्छ उन्हातलं धुकं

माझा स्वभाव तापट, हे हमरापुरात कुणालाही विचारा. आमचा गणपतींचा कारखाना आहे आणि सीझनच्या दिवसांत माझ्या तोंडाचा पट्टा रंगाच्या कॉम्प्रेसरपेक्षा जास्त चालतो. आईलाही मी सोडायचो नाही. त्या वर्षी तर मुळीच सोडलं नाही.

आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, आईकडे. तिच्या हातचे डोळे बघून गिऱ्हाईक मूर्ती उचलायचं. त्या वर्षी मात्र एकामागून एक मूर्तींचे डोळे तिरळे निघायला लागले. मी ते पुसायचो आणि मूर्ती पुन्हा तिच्यापुढे ठेवायचो. "लक्ष कुठं असतं तुझं?" असं कामगारांसमोर ओरडलो. शेवटी ब्रश तिच्या हातातून काढून घेतला आणि बाहेरचा कारागीर आणला. त्यानंतर ती कारखान्यात यायचीच बंद झाली.

माझं वागणं मलाच टोचत होतं. म्हणून दिवाळी झाल्यावर तिला रायगडावर न्यायचं ठरवलं. गुडघ्यांमुळे पायऱ्या तिला जमण्यासारख्या नव्हत्या, पण रोपवे झाल्यापासून "एकदा वर ने रे" म्हणत होती. तोंडानं माफी मागणं मला जमत नाही, म्हणून ही खटपट.

ट्रॉलीत आई काचेशी, तिच्या शेजारी माझी मुलगी आणि समोर मी. ट्रॉली सुटली तशी जमीन झपकन खाली गेली. आणि काय दिसत होतं! स्वच्छ ऊन, कापणी झालेली शेतं, घरांची कौलं, समोर काळाकभिन्न कडा. मुलगी ओरडत होती, "आजी, बघ, बघ!"

आई काचेला नाक लावून म्हणाली, "केवढं धुकं हाय गो!"

मुलगी खिदळली. "धुकं कुठंय आजी? कडक ऊन हाय."

आईचा चेहरा पार उतरला. मी तिच्याकडे वाकलो.

"आई, मी दिसतोय का?"

"बोललास का कलतंय, तू हायस म्हनून."

वर पोचल्यावर तिला सावलीत बसवलं आणि खोदून खोदून विचारलं. मागच्या वर्षीच्या गौरींपासून तिला धूसर दिसत होतं. डाव्या अंगठ्यानं मूर्तीच्या पापणीची कड चाचपायची आणि अंदाजानं रेघ ओढायची, असं करत तिनं काम रेटलं होतं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू ब्रश काढून घेतला असतास."

गड बघायला आलेल्या माणसांत मी हमसून हमसून रडलो. तीच माझी पाठ थोपटत होती.

पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची. वर्षभर आधी आणायला हवं होतं, म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "याच्या आलेलं. हा कवापासून चल म्हनत व्हता. मीच नाय आले."

डॉक्टर तिलाच रागावले. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मी एक शब्दही बोललो नाही.